गोचिडी आणि आईचा चातुर्मास

रविवार, १७ ऑगस्ट. धारहून अमझेऱ्यापर्यंतच्या गाडीचे भाडे बाराशे रुपये ठरले आणि त्यांपैकी तीनशे मी आगाऊ दिले. हजर होतो ते आई, माझी धाकटी बहीण, मी आणि पिकअप गाडीचा ड्रायव्हर. जिच्यासाठी गाडी ठरली होती ती आमची कुत्री फाटकाशी बसून ड्रायव्हरच्या चपला हुंगत होती.

कुत्री गावठीच, तांबूस अंगाची, पुढचे दोन्ही पाय पांढरे. वडील असताना ती फाटकाबाहेर असायची. ते गेले त्या महिन्यात ती आत आली आणि कोणी तिला बाहेर काढले नाही. आईने तिला नाव ठेवलेले नाही, ती तिला 'अगं' म्हणते. बहिणीलाही ती 'अगं'च म्हणते, त्यामुळे आईची हाक आली की दोघी वळून बघतात. बहिणीला हे कधीच फारसे आवडलेले नाही.

मी नोकरीसाठी देवासला असतो, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. बहीण इंदूरला. आई धारला एकटी, आणि ती धार सोडणार नाही हे आम्ही दोघांनी आता मान्य केलेले आहे.

त्या रविवारी बहीण आली ती पर्समधून औषधाची रिकामी बाटली काढतच. आत एक गोचीड होती. गेल्या खेपेला ती दीड वर्षाच्या मुलाला घेऊन धारला आली होती, घरी परतल्यावर त्याला आंघोळ घालताना ही त्याच्या कानामागे सापडली. मुलांच्या डॉक्टरांनी ती काढली आणि दोन-तीन आठवडे ताप येतो का ते बघायला सांगितले.

"ही तुझ्या लाडक्या लेकीची भेट," बाटली आईपुढे ठेवत ती म्हणाली. "आत्याकडच्या दादाला मी फोन केलाय. अमझेऱ्याला त्याचं शेत आहे, गोठा आहे, तो ठेवून घेईल हिला."

"गोठ्यात साखळीला?" आईने विचारले.

"महालक्ष्म्यांना मी यायला हवी असेल तर ही इथे नको. मी मुलाला परत या अंगणात सोडणार नाही."

बहिणीचे चुकत नव्हते, म्हणून मी गाडी ठरवली. ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला आहे. तो म्हणाला, "भिया, आज ही ले चलूं क्या? गाडी खाली है."

आई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "आज नाही. महालक्ष्म्या येतात त्या दिवशी या. तोवर हिच्या अंगावर एक जरी जिवंत गोचीड राहिली तर घेऊन जा, मी आड येणार नाही." मग बहिणीकडे बघून म्हणाली, "अगं, रात्री दाराशी कोणीतरी श्वास घेतंय हे कळलं की मला झोप लागते. एवढंच आहे माझं."

या वेळीही दोघी वळल्या. बहिणीने बाटली उचलून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "ठीक. एक जरी सापडली तरी. आणि शोधणार मी."

महालक्ष्म्या ३१ तारखेला येणार होत्या. म्हणजे दोन आठवडे.

गोचिडी घरात नव्या नव्हत्या. पाऊस सुरू झाल्यापासून मी दर शनिवारी धारला आलो की कुत्रीला पुढ्यात घेऊन बसत होतो. आमच्या स्टोअरमध्ये याचे जाणकार पुष्कळ. एकाने सांगितले, विझवलेली काडी टेकवा. दुसऱ्याने सांगितले, रॉकेलचा थेंब टाका. मी दोन्ही केले. आठवडाभर आई आपल्या बोटांनी काढायची. दोघांनी मिळून इतक्या काढूनही पुढच्या शनिवारी तेवढ्याच असायच्या. मी दिवसभर आवक-जावक बघणारा माणूस. इतकी जावक होऊन शिल्लक तीच, हे मला बरेच दिवस खटकत होते, पण आवक कुठून होते ते मी शोधले नव्हते.

सोमवारी मी रजा टाकली. आई, मी आणि कुत्री रिक्षाने प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, धारच्याच मराठी घरातल्या, पण शाळा हिंदी झालेली. त्यामुळे त्यांचे बोलणे दोन्हीकडून यायचे.

"खाना-पिना कसं आहे हिचं?"

"अर्धी पोळी टाकते हल्ली," आई म्हणाली. "मी म्हटलं, श्रावणातले उपास हीसुद्धा करतेय."

ही थट्टा आई महिनाभर सगळ्यांशी करत होती. डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी कुत्रीचा वरचा ओठ उचलून आम्हाला दाखवला. हिरडी गुलाबी असायला हवी, ती फिकट होती, पाण्यात बुडवलेल्या कागदासारखी. ताप मोजला, तोही होता. "आजी, हा उपास नाही. हे गोचिडीचं काम वाटतंय. रक्त तपासून घेऊ." आईने त्यानंतर ती थट्टा कधी केली नाही.

मग त्यांनी हातमोजे चढवले आणि मला म्हणाल्या, "भैया, तुम्ही इकडे या, बघून ठेवा." मी बघितले ते असे. केस उलट्या दिशेने फिरवत जायचे. कानाच्या आतल्या घड्या, कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, आणि पायाच्या बोटांच्या मध्ये, जिथे मी कधी बघितलेच नव्हते. गोचीड सापडली की बारीक टोकाचा चिमटा अगदी कातडीला टेकवून तिला तोंडाशी धरायचे, पोटाशी नाही. पोट दाबले गेले तर आतले सगळे कुत्र्याच्या अंगात जाते. मग सरळ वर, सावकाश, एकसारखे ओढायचे. हिसका नाही, पीळ नाही. कातडी थोडी उचलली जाते, क्षणभर तशीच राहते आणि मग गोचीड सुटते. ती स्पिरिटच्या बाटलीत टाकायची, झाकण घट्ट, जागा औषधाने पुसायची आणि आपले हात साबणाने धुवायचे.

"आणि तोंड आत राहिलं तर?" मी विचारले.

"तर सुईने कुरेदायचं नाही. जागा साफ ठेवा, ते आपोआप निघून जातं. सूज आली तर घेऊन या. आतापर्यंत तुम्ही काय करत होता?"

मी काडी आणि रॉकेल सांगितले. त्या म्हणाल्या, "ते आजपासून बंद. त्याने ती सुटत नाही, उलट पोटातलं आत ओकते. वर कुत्रीची कातडी भाजते ती वेगळीच."

एवढे होईपर्यंत बाटलीच्या तळाशी सहा-सात जमल्या होत्या. आईने तोंड भिंतीकडे केले होते. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आले.

"आजी, तुम्ही घरी काढता त्या कशात टाकता?"

"टाकत नाही, सोडते," आई म्हणाली. "चातुर्मास आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आमच्याकडे हातून जीव मारत नाहीत. माझ्या सासूबाईंनी लावून दिलेला नेम आहे. मुंगीसुद्धा फुंकून बाजूला करते मी."

"सोडता म्हणजे कुठे?"

"पानावर घेते आणि निर्माल्याबरोबर पारिजातकाखाली ठेवते. पायाखाली येत नाहीत तिथे."

मी शनिवारी काढलेल्याही आईच पानावर घेऊन जात असे. मला वाटे, गटारात टाकत असेल.

"आणि ही झोपते कुठे दुपारची?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"तिथेच," आई म्हणाली. "गार असतं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून सांगू लागल्या, की पोट भरलेली मादी जमिनीवर पडली की फटीत, पाल्यात शिरून अंडी घालते, ती हजारोंनी असतात. त्यांतून निघालेली पिल्ले महिनोन् महिने उपाशी थांबू शकतात. अंगावर दिसतात त्या थोड्या, खऱ्या अंगणात असतात. सगळी आवक तिथून होती.

रिक्षात कुत्री आईच्या पायांवर डोके ठेवून पडली होती. तलावाचे वळण आले तेव्हा आई म्हणाली, "नेम मी धरला आणि ताप हिला आला." घरी उतरल्यावर ती म्हणाली, "बाजारातून तसा चिमटा आण. आणि ते स्पिरिट."

"आई, मी शनिवारी येऊन..."

"शनिवारपर्यंत कोण थांबणार आहे? तू की त्या?"

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गोचिडतापच होता. गोळ्या चार आठवडे द्यायच्या होत्या, पोट भरलेले असताना. शिवाय मानेवर, तिला चाटता येणार नाही अशा जागी, केस बाजूला करून कातडीवर सोडायचे एक औषध होते. ते डॉक्टरीणबाईंनी कुत्रीचे वजन करून दिले होते आणि बजावले होते, की ते टाकल्यावर अंगावर गोचिडी दिसल्या तरी घाबरू नका, चावल्यावर त्या मरतात.

मी आणखी एक दिवस रजा वाढवली. पारिजातकाखालचा पाला, जुने निर्माल्य आणि वरची माती खरवडून पोत्यात भरली आणि बाहेर नेऊन जाळली. कुंपणाच्या भिंतीतल्या फटी सिमेंटने बुजवल्या. एका फटीत त्या ओळीने बसलेल्या दिसल्या, डाळीच्या दाण्यांसारख्या. कुत्रीचे गोणपाट फेकून दिले, तिला जुनी सतरंजी दिली आणि ती दर दोन दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढायची असे ठरले. निर्माल्यासाठी झाकणाचा डबा आणला.

मी देवासला परतल्यावर रोज संध्याकाळी आईला फोन करायचो.

"झाली का तपासणी?"

"झाली. आधी उजवा कान, मग डावा, मग मान, मग पाय. बोटं पसरू देत नव्हती, मी म्हटलं बाई, माझ्या नातवासाठी पसर."

"आणि बाटली?"

"बाटली बाटलीच्या जागी आहे. तू तुझं जेव."

बाटलीत कोण टाकते, हे मी विचारले नाही. पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा दुपारी बघितले. चष्मा लावून आई पायरीवर बसली होती, हातात मोजे, मांडीशी कुत्री. चिमट्याने काढलेली गोचीड तिने उजेडात धरली, तोंड शाबूत आहे का ते पाहिले, बाटलीत सोडली आणि झाकण फिरवले. तोंड फिरवले नाही. नंतर हात धुऊन देवापाशी गेली आणि थोडा वेळ उभी राहिली.

कुत्री आता पूर्ण पोळी खाऊ लागली होती, आणि दुसरी मागत होती.

३१ तारखेला दुपारी महालक्ष्म्यांचे मुखवटे घरात आणायचे होते. बहीण सकाळीच आली. मुलाला तिने माझ्याकडे दिले, "खाली ठेवू नकोस" म्हणाली, आणि अंगणात पांढरी चादर पसरून कुत्रीला तिच्यावर घेतले. फाटकाबाहेर ड्रायव्हर पिकअप लावून उभा होता. आईने त्याला चहा दिला, बहिणीला दिला, मला दिला.

"तुझा?" बहिणीने विचारले.

"मी सोडलाय. कार्तिकीपर्यंत."

"चहा? तू?" आमची आई सकाळी चहा झाल्याशिवाय कोणाशी बोलत नसे. "कधीपासून?"

"झाले दोन आठवडे. एक नेम मोडला, त्याच्या जागी दुसरा धरला. तू बघ तुझं काम."

बहीण बघू लागली. ती हयगय करणाऱ्यांतली नाही. बारीक दातांची फणी फिरवून चादरीवर झटकत होती, दर ठिकाणी मोबाइलचा उजेड पाडत होती. पोटाशी आल्यावर ती थांबली. "ही बघ. ही काय आहे? इथे आहे एक." तिने चिमटा पुढे केला.

"अगं, थांब," आई म्हणाली. "ते तिचं थान आहे. समोरच्या बाजूलाही असेल बघ तसंच."

फाटकाशी ड्रायव्हर कप तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागला. बहिणीचे कान लाल झाले, पण तिने पोटावरची सगळी थाने तपासून घेतली, मगच पुढे गेली.

डाव्या कानाच्या आतल्या घडीत तिला एक सापडली. या वेळी ती खरीच गोचीड होती. बहिणीने चिमटा कातडीला टेकवून ती सरळ ओढली, जसे आईने आत्ताच सांगितले होते तसे. तळहातावर पांढरा कागद घेऊन त्यावर ठेवली. आम्ही सगळे वाकून बघत होतो, ड्रायव्हरसुद्धा आत आला. मुलगा माझ्या कडेवरून हात पसरत होता.

आईने कुत्रीच्या गळ्यातला पट्टा धरला होता, तो सोडला. ठरले होते ते तिने स्वतःच ठरवलेले होते.

बहिणीने चिमट्याच्या टोकाने गोचीड उलटी केली. ती चपटी, वाळलेली होती, पाय आत दुमडलेले. तिने पुन्हा उलटी केली, फुंकर घातली, थोडे थांबून पाहिले. मग बाटलीचे झाकण उघडून आत टाकली.

"मेलेली आहे," ती म्हणाली. "जिवंत एक असं ठरलं होतं." मग माझ्याकडे वळून, "दे त्याला खाली. पण दर आठवड्याला मला व्हिडिओ कॉल करून हिचे कान दाखवायचे. दोन्ही."

"कोणाचे, आईचे?" मी विचारले.

"दोघींचे," बहीण म्हणाली.

मुलाला खाली ठेवले तसा तो थेट कुत्रीच्या पाठीवर पालथा पडला. कुत्री उठली नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "तो मांसाब, मैं चलूं? गाडी तो खाली ही जाएगी." त्याला अमझेऱ्याहून काही आणायचे होते, तो जाणारच होता, त्यामुळे उरलेले पैसे त्याने मागितले नाहीत. आगाऊ दिलेलेही परत करायला तो खिशात हात घालत होता. मी मध्ये पडणार तेवढ्यात आई घरात जाऊन आली.

"इतने काहे के, मांसाब? कुत्ती तो गई नहीं."

"तुमने दिन रखा था न हमारे लिए. रखो."

भाडे बाराशे ठरले होते. तीनशे मी १७ तारखेला दिले होते. उरलेले नऊशे आईने आपल्या डब्यातले काढून ड्रायव्हरच्या हातात दिले, कुत्रीला न नेल्याबद्दल.