कारण: रोजगार

"अर्ध्या तिकिटात आलेली निर्वासित!" सर म्हणाले आणि अख्खा वर्ग खो खो हसला. लातूरच्या वकिलीच्या कॉलेजात, तिसऱ्या बाकापाशी, मी उभीच होते.

सर निर्वासित आणि आश्रयार्थी यांतला फरक शिकवत होते. जिवाच्या भीतीनं देश सोडला, दुसऱ्या देशात आसरा मागितला, पण निकाल लागायचाय, तो आश्रयार्थी. दावा मान्य झाला की निर्वासित. "पण ध्यानात घ्या," सर म्हणाले, "कागदामुळं कुणी निर्वासित होत नाही. तो असतोच. कागद फक्त तसं कबूल करतो." हे मी वहीत दोनदा लिहिलं.

मग हात वर केला. "सर, आश्रयार्थ्याला तो जिथून पळाला तिथलाच दाखला आणायला लावतात का?"

"छे! ज्यांच्या भीतीनं पळाला, त्यांच्याच दारात कसं पाठवणार?"

"आम्हाला पाठवतात, सर. मुरुडच्या पुढं आमचं गाव. तिथून..."

तेवढ्यात त्यांना एसटीतल्या बायकांच्या अर्ध्या तिकिटाचा विनोद सुचला.

कायद्यानं सरांचं बरोबर होतं. आम्ही देशाची हद्द ओलांडली नव्हती. पण त्यात हसण्यासारखं काय होतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या जातीकडं मयताचा सांगावा होता. गावात कुणी गेलं की बापानं पायी जाऊन गावोगावच्या सोयऱ्यांना कळवायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून. पाटलांची म्हातारी गेली तेव्हा बाप म्हणाला, "फोन हाय की सगळ्याकडं. म्या न्हाई जाणार." एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी गिरणीत आमचं दळण घेतलं नाही. मग दुकान बंद, मजुरी बंद, बोअरचं पाणी बंद. भर दुपारी बापाला पारासमोर मारलं. महिन्याभरात आम्ही लातुरात, पत्र्याच्या खोलीत.

बहिष्कार घातलेल्यांना कायद्यानं मदत मिळते असं कुणीतरी सांगितलं. आईबाप सरकारी कचेरीत गेले. कारकुनानं विचारलं, "गाव का सोडलं?" आई घाबरली. चुलता अजून गावातच होता. आणि नवऱ्यानं मार खाल्ला हे परक्यापुढं सांगायची लाज. म्हणाली, "पोटासाठी आलो, साहेब." रकान्यात लागलं, कारण: रोजगार. खाली बापाचा अंगठा.

तेव्हापासून प्रत्येक टेबलावर एकच उत्तर. "तुम्हीच सांगितलंय. बहिष्कार होता तर सरपंचाचा दाखला आणा." ज्यानं गिरणीत आमचं दळण बंद करायला लावलं, तोच सरपंच.

त्या दिवशी वर्गात मी बसले नाही. "सर, हसून झालं असेल तर माझं वाक्य पुरं करते." आणि सगळं सांगितलं. बापाला पारासमोर मारलं, तेही सांगितलं. हसणं थांबलं. सर म्हणाले, "हे आपल्या अभ्यासक्रमात नाही," आणि फळा पुसायला लागले.

घरी येऊन आईला वहीतलं सरांचं ते कागदाचं वाक्य वाचून दाखवलं. म्हटलं, "परत जबाब दे. खरा."

"चुलता हाय की गं गावात."

"आपण गप ऱ्हायलो म्हणून त्याला कुणी नीट वागवतंय का?"

आई भाकरी थापत राहिली. शेवटची तव्यावर टाकून म्हणाली, "कवा जायचं?"

सोमवारी बाप मजुरीला गेला, आई आणि मी कचेरीत गेलो. कारकुनानं जुना अर्ज काढला. "सरपंचाचा दाखला?"

"आणणार नाही," मी म्हणाले. "आधी आईचा जबाब घ्या."

आईनं पदर खोचला. "पोटासाठी न्हाई आलो, साहेब. गावानं काढलं आमाला. नावं सांगते, लिवा."

त्यानं पेन खाली ठेवलं. साहेब रजेवर आहेत म्हणाला. उद्या या.

उद्या जाणार. परवाही जाणार. अर्ज मान्य होवो न होवो, आम्हाला गावानं हाकललंय. त्या रकान्यातला 'रोजगार' खोडून हे लिहिलं जाईपर्यंत आम्ही दोघी त्या टेबलासमोरून हटणार नाही.