तोकिकोच्या पोटातला शेवट

जपानमधल्या नोशिरो गावात स्टेशनामागे सिनेमा-मालिकांच्या डिस्क भाड्याने देणारं एकच दुकान उरलं होतं आणि त्या दुकानात बोलकं माणूसही एकच, तोकिको कानेदा. वय चौपन्न. तिचं काम डिस्क पुसून फळीवर लावायचं, पण गावात ती ओळखली जायची शिफारशीच्या चिठ्ठ्यांमुळे. आवडलेल्या मालिकेखाली ती आपल्या हाताने चार ओळी लिहून चिकटवायची. लोक चिठ्ठी वाचायचे आणि मुकाट डिस्क उचलायचे.

‘काजळीचं राज्य’ मात्र हल्ली कुणी उचलेना. तेरा डिस्कची ही अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, काळीकुट्ट. शाप, राक्षस, पहिल्याच भागात तिघांची मुंडकी उडतात. तोकिकोचा तिच्यावर भारी जीव. अकरा वर्षांपूर्वी तिने शेवट पाहिला: राक्षसांच्या गराड्यात सापडलेला सख्खा भाऊ वेशीचं दार ठोठावतोय आणि राणी दार उघडत नाही. तेव्हापासून तो शेवट तिच्या पोटात होता. बोलणार कुणाशी? चौथ्या डिस्कपुढे गावात कुणी गेलंच नव्हतं, आणि न पाहिलेल्याला शेवट सांगणं तिच्या लेखी पाप होतं.

अशात मालक हिरोनो म्हणाला, “तोकिको-सान, उन्हाळा संपला की ती फळी रिकामी करू. तेरावी डिस्क अजून एकदाही भाड्याने गेलेली नाही.”

तोकिको चिडली. म्हणजे आता तिचं ऐकणारं कुणी कधी मिळणारच नव्हतं. रागाच्या भरात तिने नवी चिठ्ठी लिहिली आणि तिथेच घोळ झाला. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात हसरा ससा काढायची तिची सवय. हाताने आपोआप तो इथेही काढला.

तिसऱ्या दिवशी टोफूवाले सेगावा आजोबा ससा बघून पहिली डिस्क नातीसाठी घेऊन गेले. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच दारात हजर.

“बाई, ससा कुठाय?”

“कुठला ससा, आजोबा?”

“चिठ्ठीवरचा. अख्खी डिस्क पाहिली. सशाच्या जागी मुंडकी निघाली.”

तोकिकोने कपाळाला हात लावला आणि मग कमरेत वाकून माफी मागितली. “नात घाबरली का हो?”

“ती पहिल्या गाण्यालाच झोपली. मीच बघत बसलो.” आजोबांनी मागे कुणी नाही ना ते पाहिलं. “तो लोहाराचा पोरगा जगतो का?”

“ते मी सांगायची नाही. दुसरी डिस्क न्या.”

आजोबा दर दोन दिवसांनी येऊ लागले. चौथ्या डिस्कमध्ये लोहाराचा पोरगा मेला. त्यांनी डिस्क काउंटरवर आपटली.

“तुम्हाला ठाऊक होतं, आणि हसत हसत दिलीत?”

“होतं ठाऊक.”

“दगडाच्या काळजाची बाई आहात.”

आणि ते यायचे बंद झाले. सगळे इथवरच तर यायचे. तोकिको हिरमुसली. गरज नसताना दोनदा त्यांच्याकडून टोफू घेऊन आली. त्यांनी तो मान वर न करता बांधून दिला. नवव्या दिवशी मात्र आजोबा आले आणि एवढंच म्हणाले, “पाचवी.”

उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात, तोकिकोच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी तेरावी डिस्क परत आणली. ते तोंड उघडणार तोच तोकिकोने त्यांना हाताला धरून बाहेर सायकलींपाशी नेलं. हा आजोबा एवढा भांडतो कशापायी, हे बघायला म्हणून हिरोनोनेही मालिका सुरू केली होती. तो अजून नवव्या डिस्कवर होता.

अकरा वर्षं घोकलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं. पण आजोबाच आधी बोलले.

“राणीने बरोबर केलं.”

तोकिकोने त्यांचा हात सोडला. हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. “बरोबर? सख्खा भाऊ होता तो.”

“आत एकशेबारा लेकरं होती.”

“मोजलीत?”

“डिस्क थांबवून मोजली.”

“मग तटावरून दोरीने पाळणा सोडून त्याला वर घेता आलं नसतं? विहिरीला दोरी होती. सहावी डिस्क बघा.”

आजोबांनी सहावी डिस्क आठवून पाहिली. मग म्हणाले, “दोरी तोकडी होती.”

“कशावरून?”

जेवणाची सुट्टी कधीच संपली होती. तोकिकोचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत इतका आनंद तिला कशानेच झाला नव्हता, आणि तरी ती एक पाऊल मागे हटायला तयार नव्हती.

तेवढ्यात दुकानाची खिडकी उघडून हिरोनोने डोकं बाहेर काढलं. कानांत त्याने दोन्ही बोटं घातली होती.

“फळी राहू दे तिथेच,” तो म्हणाला. “पण तुम्ही दोघं जरा लांब जाऊन भांडा. माझ्या अजून चार डिस्क बाकी आहेत.”