पडायचा तास

चामटोलीच्या शाळेत तिसरीच्या वर्गासमोर मी जितक्या वेळा आडवा झालो, तितक्या वेळा कुठल्या फडातला पैलवानही झाला नसेल. पहिल्यांदा पडलो तेव्हा तिकडे बारवी धरणाचं पाणी बोटभर वर आलं. खोटं वाटत असेल तर धरणाला विचारा.

झालं असं, की वर्गातल्या एका मुलीला फिट यायची. एकदा वर्गातच आली आणि पोरं 'भूत, भूत' करत पार अंबरनाथपर्यंत पळाली. दुसऱ्या दिवशी तिची आई दारात. "सर, पोरीचं नाव काढा. बाजूला कोण बसत नाय तिच्या. राहील घरी."

"जरा थांबा," म्हटलं, "आधी बाकीच्यांना शिकवू द्या." ती थांबली, पण त्या दिवसापासून पोरीला रोज स्वतः सोडायला-न्यायला येऊ लागली.

मग सुरू झाला आमचा पडायचा तास. "गावातली लाइट फडफडते, तेव्हा भूत येतं का? डीपीत बिघाड असतो. तसंच डोक्यात होतं. शेजारी बसून ते कुणाला लागत नाही." एवढं बोलून मी धाडकन खाली. एकाने घड्याळ बघायचं, एकाने डोक्याखाली दप्तर सरकवायचं, बाकीच्यांनी मला कुशीवर वळवायचं. हातपाय दाबायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर मोठ्यांना अँब्युलन्स बोलवायला सांगायचं. मला वळवायला निम्मा वर्ग लागे. "सर, भात कमी करा," हा सल्ला वर फुकट. आणि ती मुलगी कंबरेवर हात ठेवून मुकादमासारखी ओरडे, "नीट वळव रे, पोतं हाय का ते?"

एका दुपारी खिचडीच्या रांगेत तिला खरीच फिट आली. मी पोचेपर्यंत पोरांनी तिला कुशीवर घेतलं होतं. खिचडीवाल्या मावशी हुंगवायला चप्पल घेऊन धावल्या, तर एक चिमुरडी आडवी आली. "मावशी, पायात घाला ती! अत्तर हाय का?"

थोड्याच वेळात फिट थांबली. मुलगी मैत्रिणीच्या मांडीवर झोपली. निरोप मिळून आई आली, तेव्हा पोरं तिच्या लेकीला वारा घालत होती.

मुलीने डोळे उघडले. आई म्हणाली, "चल घरी."

"शाळा सुटली?"

"नाय."

"मग?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ती शाळा सुटेपर्यंत वर्गाच्या दाराशी बसून राहिली आणि जाताना म्हणाली, "उद्या मला काम हाय, सर. एकटीच येईल ती."