बिनआवाजाचं इंग्रजी

इंग्रजी व्याकरणाची गाइडं लिहून मी पोट भरते. काळ, अलंकार, अर्ज कसा लिहावा, बातमी कशी लिहावी, सगळं सोप्या शब्दांत. पिंपरीच्या बाजारात ही पुस्तकं वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी विकली जातात. त्यांवर माझं नाव नसतं ते बरंच आहे, नाहीतर कुणीतरी मला भाषणाला बोलावलं असतं. मला इंग्रजी लिहिता येतं, बोलता येत नाही. हे ऐकून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मी इंग्रजी शिकले कुरुळीत, एका खोलीच्या घरात. अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरकडून आलेले. चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर कंत्राटी कामगार होते. पत्र्यावर दणादण ठोके घालून गाड्यांचे भाग काढायचं ते काम, आणि कायम थर्ड शिफ्ट. सकाळी येत, जेवत आणि झोपत. ते झोपले की घरात आवाज बंद, हा आईचा कायदा होता. शिट्टी नको म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. टीव्ही मुका चालायचा. काही सांगायचं असलं तर नुसते ओठ हलवायचे. संध्याकाळी किंवा सुट्टीला अण्णा जागे असले तरी त्यांचं डोकं दुखतंय असं आई सांगे, म्हणून कायदा तसाच. शेजारच्या खोलीतली घरमालकीण दारात येऊन विचारायची, "व्हय गं, तुमची पोर मुकी हाय का?" आई नुसती हसायची.

माझा अभ्यासही मुकाच झाला. शाळेत बाई म्हणायच्या, घरी मोठ्याने वाचा, जीभ वळली पाहिजे. माझी जीभ दातांमागे निवांत पडून असायची. काळ मी लिहून लिहून पाठ केले. अ‍ॅलिटरेशन, म्हणजे एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द, मी डोळ्यांनी ओळखायला शिकले. ऑनोमॅटोपिया, म्हणजे आवाजावरून बनलेले शब्द, तर मी चकार आवाज न काढता घोकले. लेखी पेपरात माझा हात कुणी धरू शकत नसे. तोंडी परीक्षेत बाई दया दाखवत. कॉलेजात वर्ग इतका मोठा होता की कुणाला बोलायला लावायची पाळीच येत नसे. अशी मी इंग्रजी घेऊन बीए झाले, आणि सरावाचे पाठ फळ्यावर लिहून लिहून निभावत बीएडही झाले.

मग रहाटणीतल्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. लेखी चाचणीत मी पहिली आले. आता फक्त वर्गावर एक तास घेऊन दाखवायचा होता. मला नोकरी लागली की अण्णांनी प्रेस सोडायची असं घरात ठरलं होतं. ते स्वतःच म्हणाले होते, नेहमीसारखं मोठ्याने, "तू लागलीस की मी सुटलो." आईने तेव्हा डोळ्यांना पदर लावला होता. म्हणून त्या तासाला मी जीव मुठीत धरून गेले.

फळ्यावर अलंकार लिहिले, अक्षर सुरेख. मग कविता मोठ्याने वाचायची होती. पहिल्या ओळीलाच मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मिस, लाउडर." मी जोर लावला तर आवाज चिरकला. शब्द जसे दिसत होते तसे मी उच्चारत गेले आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी अगदी नम्रपणे मला दुरुस्त करत गेली. मग वर्गच हसायला लागला. तासानंतर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्यासारखं लिहिणारं आमच्याकडे कुणी नाही. पण मुलांना ऐकू तर आलं पाहिजे ना." मी मान डोलावली, तेवढं मला येत होतं.

घरी आले तेव्हा भर दुपार होती. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. काय झालं हे विचारण्याआधी आईने ओठांवर बोट ठेवलं. त्या बोटाने माझं डोकं फिरलं. "नाही मिळाली नोकरी," मी ओरडले, "तुमच्या या झोपेपायी नाही मिळाली." आणि ताटांच्या फळीला असा हिसका दिला की सगळी ताटं फरशीवर आली.

आई धावली, पण अण्णांकडे नाही. तिने आधी दार लावलं.

अण्णा हललेसुद्धा नाहीत. मी जवळ जाऊन त्यांच्या कानाशी टाळी वाजवली. श्वास तसाच संथ चालू होता.

"नको," आई म्हणाली. "त्यांना ऐकूच येत नाही. कवाचंच नाही."

मग ती कुजबुजत सांगत राहिली. प्रेसने कान खाल्ले होते. कंपनीत वर्षातून एकदा कानांची तपासणी होई, तेव्हा अण्णा आवाजाचं बटण दाबणाऱ्याच्या हाताकडे बघून, ऐकू आलं म्हणून बोट वर करत. कामावर भीती नव्हती, त्या गदारोळात सगळे खुणांनीच बोलतात. भीती घरात होती. घरमालकिणीचा मुलगा त्याच कंपनीत सुपरवायझर होता आणि मधली भिंत एका विटेची. हाका मारूनही अण्णा ओ देत नाहीत हे त्याला कळलं असतं, तर ठेकेदाराने बहिऱ्या माणसाला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं. "घरात कुणी बोललंच नाही तर कुणाला कळतंय?" आई म्हणाली.

"मला का नाही सांगितलं?"

"लेकरू होतीस. बोलून गेली असतीस."

मला अण्णांची दया आली असं लिहायला बरं वाटलं असतं. मला आधी संताप आला, दोघांचाही. बापाची झोप जपतेय या भाबडेपणात मी माझं तोंड शिवून घेतलं होतं. मग ताटं गोळा करताना रडू आलं, तेही सवयीने बिनआवाजाचंच.

अण्णा संध्याकाळी उठले. आईने चहा दिला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "झालं का काम?" मी ओठ हलवले, "नाही झालं, अण्णा." त्यांना पहिल्याच वेळी कळलं. "बरं," ते म्हणाले आणि चहात खारी बुडवली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सुपरवायझरचा आवाज आला. तो शिफ्ट करून परतला होता. "ओ अण्णा, दुपारी काय राडा होता? मम्मी सांगत होती."

अण्णा खारी खात राहिले. आईचा हात किटलीवरच थांबला.

"अण्णा? ओ अण्णा?"

"काही नाही, दादा," मी म्हणाले. "ताटं पडली माझ्या हातनं. अण्णा चहा पितायत." वर्गात न फुटलेला आवाज खणखणीत निघाला, एक शब्दही अडखळला नाही.

"बरं बरं," पलीकडून आलं. अण्णांनी कप खाली ठेवला आणि मी कुणाशी, काय बोलले ते कळावं म्हणून माझ्या ओठांकडे बघत राहिले.