खिळे तोंडात धरणारा माणूस

आमचे हे अबोल आहेत असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. ज्या माणसाच्या तोंडात दिवसाचे आठ तास खिळे असतात, तो बोलणार कधी आणि कुणाशी? हे सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतात. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्या हातात हातोडी, आणि तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून बारीक खिळे तोंडात. जिभेने एकेक वळवून ओठांवर आणायचा, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं त्याने तो उचलायचा, आणि ठोकायचा. ह्यांच्या मामांनी हे सतराव्या वर्षी शिकवलं, आणि पुढच्या दाताला खिळ्याच्या मापाची खाच आहे ती तेव्हापासूनची. दातांचे डॉक्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. ती खाच बघून दर वेळी हळहळतात आणि दर वेळी दवाखान्यातल्या खुर्च्या मात्र आमच्याकडेच पाठवतात.

मला बघायला आले तेव्हा हे एकूण तीन वाक्यं बोलले. त्यातलं एक होतं, ही खुर्ची डुगडुगतेय. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा विचारी आहे. मला वाटलं, बरं झालं, मला बोलायला जागा राहील. राहिली. चौतीस वर्षं झाली, पुढच्या खोलीत दुकान आहे तिथे मी मशीनवर कव्हरं शिवते आणि बोलते, आणि हे ठोकतात.

अगदीच काही सांगायचं असलं की हे हातोडीने सांगायचे. लाकडावर दोन ठोके म्हणजे इकडे ये. तीन म्हणजे आहेस तिथे थांब. मी काही उठत नसे. नवऱ्याने हाक मारली तर उठेन, हातोडीने बोलावलं तर माझी खुर्ची बरी. पण मुकादम उठायचा.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. पिवळा लॅब्राडोर. दुकानाच्या मधोमध बसून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायचा, म्हणून मुकादम. बारा वर्षांत त्याने जमिनीवर पडलेल्या एका खिळ्याला तोंड लावलं नाही. त्याला शब्द किती कळायचे कोण जाणे, ठोके सगळे कळायचे. मला तर कधीकधी वाटायचं की ह्यांचा संसार त्याच्याशी आहे आणि मी शिलाईला आहे.

तो चार महिन्यांपूर्वी गेला. कसा गेला ते आत्ताच सांगून टाकते. फोमचा माल आला होता. मी एक मोठा गठ्ठा दोन्ही हातांनी कवटाळून आत आणत होते, पुढचं काही दिसत नव्हतं, दार टाचेने मागे ढकललं आणि लागलं असं धरून आतल्या खोलीत निघून गेले. ते लागलं नव्हतं. मुकादमाला शेवटच्या वर्षात ऐकू कमी येत होतं. तो बाहेर पडला. ह्यांचे तीन ठोके मला आतून ऐकू आले, मग पुन्हा तीन. मग माल घेऊन आलेल्या, मागे मागे येणाऱ्या गाडीचा ब्रेक, आणि ड्रायव्हरचं ओरडणं. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. उतरून तो रस्त्यावर मटकन खाली बसला.

मी म्हटलं, दार वाऱ्याने उघडलं असेल. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी पान हलत नव्हतं, तरी मी ते शेजाऱ्यांना सांगितलं, लेकीला फोनवर सांगितलं, आणि ह्यांच्यासमोर दोनदा सांगितलं. ह्यांनी ते ऐकून घेतलं. मी एकदा जे बोलून बसले ते बसले. गिळताही येईना आणि ओकताही येईना.

त्या दिवसापासून ह्यांनी तोंडात खिळे धरणं बंद केलं. खिळे एका वाटीत ठेवायचे, दर खिळ्याला वाकायचे, उचलताना कापडाचा ताण सुटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला चार खुर्च्या व्हायच्या तिथे दीड होऊ लागली. आता तोंड मोकळं होतं, पण बोलायचे मात्र पूर्वीपेक्षाही कमी. आणि एका जागी ठरेनात. दहा मिनिटं बसले की उठायचे, दाराची कडी बघायची, बसायचं. झालेल्या खुर्चीचं कापड उगाच उसवून परत लावायचं. सकाळी फिरायला जायचे ते मुकादमाच्याच वाटेने, त्याच्याच चालीने, म्हणजे मध्येच थांबत. त्या दिव्याच्या खांबापाशी माणसाने थांबायचं काय कारण? मी गॅलरीतून बघायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

आमची लेक जनावरांच्या दवाखान्यात काम करते. तिला काय ते दिसत होतंच. एका सोमवारी ती झाकणाची टोपली घेऊन आली आणि तिने काळं लॅब्राडोरचं पिल्लू दुकानाच्या मधोमध सोडलं. दोन महिन्यांचं. पायांपेक्षा पंजे मोठे. म्हणाली की हे शेवटचं उरलंय, एक कुटुंब थांबून आहे, त्यांना रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्हाला नको असेल तर मी रविवारी चार वाजता येऊन घेऊन जाईन. ह्यांनी तिला एवढंच सांगितलं की आजच ने. ती न ऐकल्यासारखं करून निघून गेली. हा गुण तिने माझ्याकडून घेतलाय.

पहिल्या दिवशी पिल्लाने काथ्याचा आख्खा गोळा घरभर ओढला. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनखाली बसून दोऱ्याची दोन रिळं सोडवली आणि दातांच्या डॉक्टरांच्या नव्या खुर्चीखाली तळं केलं. मी ओरडायची, तर ते कान पाडून माझ्याच पायावर येऊन बसायचं. त्याच्यावर राग धरणं काही जमत नव्हतं. हे मात्र त्याला हात लावीनात. दोन ठोके मारायचे. पिल्लू शेपटी हलवायचं. तीन ठोके मारायचे. पिल्लू धावत सुटायचं. हे हातोडी खाली ठेवून म्हणायचे, ह्याला काही कळत नाही. अहो, कसं कळेल? मुकादमाला ते शिकायला दोन वर्षं लागली होती, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. आवाज देऊन बोलवायचं असतं हे ते विसरले होते, नाहीतर त्यांना ते नको होतं.

पण दर दहा मिनिटांची कडी आता दर पाच मिनिटांवर आली. मंगळवारी त्यांनी दाराला दुसरी कडी बसवली, बुधवारी खाली तिसरी. गिऱ्हाईक आलं की हे आधी पिल्लू शोधायचे, मग कड्या काढायचे, तोवर गिऱ्हाईक बाहेर कंटाळून जायचं. मी मशीनवर बसून हे सगळं बघत होते आणि प्रत्येक कडीचा आवाज माझ्या कानशिलात बसत होता. चूक माझी आणि कड्या हे लावत होते.

बुधवारी मी सांगायचं ठरवलं. मशीन थांबवली, चष्मा काढला, अहो म्हटलं. हे बघायला लागले. मी म्हटलं, चहा टाकू का? त्यांनी मान हलवली. मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःलाच चार शिव्या दिल्या.

गुरुवारी मी वेगळी वाट काढली. म्हटलं, ठेवून घेऊ या की पिल्लू, गोड आहे, तुम्हालाही करमेल. हे बराच वेळ वाटीतले खिळे बोटाने फिरवत राहिले. मग चार महिन्यांत बोलले नव्हते तेवढं एका दमात बोलले.

"हेही माझ्या हातून जाईल. त्या दिवशी माझ्या तोंडात खिळे होते. थुंकायला किती वेळ लागतो? मी थुंकलो नाही. कापड ताणलेलं होतं, हाताखालची खिळ्यांची ओळ बिघडेल म्हणून ठोके मारत बसलो. कुत्र्याला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. तरी मी ठोकेच मारले."

तिथेच सांगायला हवं होतं की दार मी उघडं टाकलं, तुम्ही नाही. पण मी काय केलं, तर पुन्हा मशीन सुरू केली. चौतीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. डॉक्टरांच्या खुर्चीचं सगळं कव्हर मी उलट्या बाजूने शिवून काढलं आणि शेवटचा दोरा कापेपर्यंत मला ते दिसलं नाही. उसवायला शुक्रवार गेला. उसवता उसवता मी स्वतःशी भांडत होते. सांगितलं तर हा माणूस माझ्याकडे बघेल तरी का? आणि नाही सांगितलं तर माझ्या चुकीपायी तो पिल्लू घालवून बसेल आणि उरलेलं आयुष्य त्या कड्यांशी उठबस करील. दोन्हीकडून माझंच मरण होतं.

शनिवारी हे दिवसभर मागच्या खोलीत काहीतरी कापत होते. संध्याकाळी बाहेर आले ते एक छोटी गादी घेऊन. चांगल्यातला फोम, वर जाड कापड, कडेला दुहेरी पट्टी, कोपरे हाताने टाचलेले. असे कोपरे ह्यांनी आमच्या स्वतःच्या सोफ्यालाही दिलेले नाहीत. मला आशा वाटली. म्हटलं, राहणार वाटतं पाहुणा. हे म्हणाले की उद्या टोपलीबरोबर पाठवायची. नवीन घरी पहिले काही दिवस रडेल, निदान वास तरी ओळखीचा राहील.

हे बोलत होते तेव्हा पिल्लू त्या गादीवर चढून गोल फिरत होतं आणि हे त्याच्याकडे न बघण्यासाठी भिंतीकडे बघत होते. मला इतका राग आला, ह्यांचा, माझा, त्या दाराचा, की मी जेवायलाही बसले नाही.

रविवारी पावणेचार वाजता मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बसले असते तर पुन्हा चहावर आले असते.

"दार वाऱ्याने उघडलं नव्हतं. मी उघडं टाकलं होतं. माझ्या हातात गठ्ठा होता."

ह्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "माहीत आहे मला."

मला वाटलं, मी नीट सांगितलं नाही. पुन्हा सांगू लागले तर त्यांनी हात वर केला. त्यांनी सगळं पाहिलं होतं. माझी टाच दाराला लागली, दार कडीपर्यंत गेलं आणि परत आलं, तेही. दार लाव असं म्हणायचं होतं, पण तोंडात खिळे होते. त्यांनी मनात म्हटलं, एवढी ओळ संपवू आणि उठून आपणच लावू.

चार महिने. चार महिने ह्या माणसाला माहीत होतं, आणि मी रोज त्याच्यासमोर ते ओझं पोटात घेऊन कव्हरं शिवत होते. मी भडकले. विचारलं, बोलला का नाहीत? एकदा शिवी दिली असतीत, एकदा अंगावर ओरडला असतात, तर मी सुटले असते की नाही?

हे खाली बघत म्हणाले, "तू वारा म्हणालीस. म्हटलं, तेवढ्यावर हिला झोप लागत असेल, तर वारा."

"झोप कुठे लागत होती," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना. हे उठले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. खांद्यावर हात वगैरे ठेवायची त्यांना सवय नाही. नुसते उभे राहिले, पण अगदी चिकटून. त्यांचंही नाक वाहत होतं. पिल्लाला वाटलं काहीतरी खेळ चाललाय, ते आमच्या चार पायांमधून ये-जा करायला लागलं.

तेवढ्यात दार वाजलं. चार वाजले होते. पिल्लू सुसाट दाराकडे पळालं आणि आम्ही दोघं एकदम त्याच्यामागे. मी म्हटलं, तुम्ही धरा, मी उघडते. हे म्हणाले, नको, तू धर, मी उघडतो. मी पिल्लाला उचललं, ते निसटलं, ह्यांनी सोफ्याखाली हात घालून त्याला बाहेर ओढलं आणि माझ्याकडे दिलं. बाहेरून लेक हाका मारत होती की आत आहात ना दोघं, काय झालंय? मग मी पिल्लाला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं, ह्यांनी मागे वळून ते बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि एकेक करून तिन्ही कड्या काढल्या.

लेक रिकामी टोपली घेऊन उभी होती. चिडली होती. म्हणाली, दार उघडायला एवढा वेळ?

"ह्या दाराला आता दोन माणसं लागतात," हे म्हणाले.

तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं, आणि टोपली बाहेरच ठेवून आत आली.