दाजींच्या भिंतीसाठी एक लाट

पुण्याहून निघालेली गाडी चेन्नईला पोहोचली तेव्हा माझ्या पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी होती, खांद्याला तिपाई होती आणि डोक्यात जरा जास्तच हवा होती. कराडच्या आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात मी घाट टिपले आहेत, संगमावरचं धुकं टिपलं आहे, एकदा तर पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींचा अख्खा कळप टिपला आहे. समुद्र तेवढा राहिला होता. त्यात या वेळी खास बोलावणं होतं, त्यामुळे ऐट विचारूच नका.

बोलावणं दाजींचं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. चेन्नईजवळच्या संरक्षण कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली आणि दर रविवारी, पाऊस असो की ऊन, ताईला घेऊन समुद्र गाठला. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू झाला. आता त्यांना मधोमध सगळं धूसर दिसतं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, रंग ओळखू येत नाहीत. ठळक काळं आणि ठळक पांढरं, तेही मोठं असलं तर, उमजतं. गेल्या वर्षी ते वाळूत पडले आणि तेव्हापासून त्यांनी समुद्राचं नाव टाकलं. मग महिन्यापूर्वी त्यांचा फोन आला. म्हणाले, विलासराव, मला एक लाट आणून द्या. भिंतभर मोठी आणि काळीपांढरी, म्हणजे मला दिसेल. मंडईतून कोथिंबिरीची जुडी आणायची असावी इतक्या सहजपणे मी हो म्हणून मोकळा झालो.

वेलचेरीतल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बैठकीची एक भिंत आधीच रिकामी करून ठेवली होती. तिथलं कॅलेंडर, भाच्याच्या लग्नातला फोटो, घड्याळ, सगळ्यांची दुसरीकडे रवानगी झाली होती. फिल्टर कापी (कॉफी) आणि गरम इडियप्पम (तांदळाच्या शेवयांची वाफवलेली चकती) पुढे आलं आणि दाजींनी माझी मुलाखत घेतली. शटर किती ठेवणार, लाट कुठल्या बाजूने घेणार, कागद कुठला. शेवटी म्हणाले, "शांत समुद्र नको. शांत बसून बसून मला कंटाळा आलाय." मी म्हटलं, दाजी, निश्चिंत राहा. परतीचं तिकीट तिसऱ्या दिवशी दुपारचं होतं. एका लाटेला तेवढा वेळ म्हणजे चैन, असा माझा हिशेब.

त्याच संध्याकाळी ताईला घेऊन बेझंट नगरच्या किनाऱ्यावर गेलो. वाटेत रिक्षात मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. काळ्यापांढऱ्या चित्रात लाट उठून दिसायची तर सूर्य तिच्या पाठीमागे हवा, म्हणजे लाटेचा तुरा चांदीसारखा चमकतो आणि पोट काळंभोर राहतं. ताई मान डोलवत होती. पाच वाजता मी तिपाई वाळूत रोवली, पाण्याकडे तोंड केलं आणि सूर्य लाटांवर उतरायची वाट पाहू लागलो.

साडेपाच झाले. सूर्य काही समोर येईना. मला वाटलं, ढग असतील. आम्ही सुंडल (खोबरं आणि कैरीचे तुकडे घातलेले उकडलेले हरभरे) खाल्लं. मग मिरचीची भजी खाल्ली. सहा वाजता प्रकाश चांगलाच उतरला आणि मला घाम फुटला. शेवटी सुंडलवाल्या बाईंना हातवारे करून विचारलं, सनसेट कुठे? त्यांनी हातातला डाव उचलून माझ्या पाठीमागे दाखवला. तिथे इमारतींच्या मागे, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेनांच्या रांगेत, सूर्य केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता.

समुद्र म्हटला की सूर्य त्यातच बुडणार, हे आपल्या लोकांच्या डोक्यात गणपतीपुळ्यापासून पक्कं बसलेलं असतं. हा समुद्र पूर्वेचा आहे, इथे सूर्य पाण्यातून वर येतो, हे मी शाळेत नकाशावर बोट ठेवून शिकलेला माणूस. ताईला विचारलं, तू का नाही बोललीस? म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक असेल. एवढी तयारी चालली होती तुझी, मध्ये कशाला बोलायचं?" घरी आल्यावर हे ऐकून दाजी ठसका लागेपर्यंत हसले. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं की मग आज काहीच मिळालं नाही का. तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी करून ताई आणि मी उत्तरेला एन्नोरच्या रस्त्याला लागलो. तिकडे किनाऱ्याला काळ्या दगडांचे बांध घातले आहेत आणि लाटा त्यांच्यावर आपटून उंच उडतात, हे दाजींनीच सांगितलं होतं. बंदराच्या क्रेन आणि वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून एका कोळीवाड्याजवळ उतरलो. हवेत सुक्या मासळीचा आणि कोळशाच्या धुराचा वास होता. कोळी नावा पाण्यात लोटायच्या तयारीत होते आणि त्यांच्यापुढे सेल्वम नावाचे एक म्हातारे कमरेला लुंगी खोचून समुद्राकडे टक लावून उभे होते.

ताईचं तमिळ फर्डं आहे. तिने त्यांना आमचं काम सांगितलं. ते म्हणाले, अलै (लाट) काय, हवी तेवढी घ्या. मोठ्या लाटा एकामागून एक येतात, मग समुद्र जरा दम खातो. माझ्या हातावर लक्ष ठेवा. एवढं मार्गदर्शन मला पुष्कळ झालं. म्हाताऱ्यांचा हात वर गेला की कोळी ओरडा करत, आणि मी धडाधड बटण दाबत असे. समोर नुकताच वर आलेला सूर्य असल्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण एवढा आरडाओरडा चाललाय म्हणजे लाट जबरदस्तच असणार, अशी माझी खात्री. तासाभरात सगळ्या नावा आत गेल्या आणि मी पडद्यावर गमछ्याची सावली धरून फोटो पाहायला बसलो.

एकेका फोटोत समुद्र कराडच्या तलावासारखा सपाट होता. ताईने सेल्वमांना विचारलं, आणि ते दात नसलेलं तोंड उघडून हसले. हात वर म्हणजे समुद्र शांत झाला, नाव लोटा. त्यांच्याकडे हात करायचा तो त्यासाठीच. लाट मोठी असताना कोण कशाला हात करील? मी तासभर मोठ्या चिकाटीने फक्त शांत समुद्र टिपला होता, दाजींना नको होता नेमका तो.

मी रडकुंडीला आलेला पाहून सेल्वमांना दया आली. "पोरुंग सार (धीर धरा साहेब)," असं म्हणून ते माझ्या शेजारी उभे राहिले. तीनचार लाटा जाऊ दिल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात दाबून ठेवला. दूरवर पाण्याला एक काळी कड आली, ती जवळ येत उंच झाली आणि दगडांवर फुटून भिंतीसारखी उभी राहिली. मी डोळा लावला, आणि चौकटीत बरोबर मध्ये ताई. आधीच्या लाटेने तिची एक चप्पल ओढून नेली होती, ती उचलून साडी गुडघ्यापर्यंत धरून ती वळत होती. मी ओरडलो, ताई, बाजूला हो. बोटाने तेवढ्यात बटण दाबलं होतं. पुढच्या क्षणी पाणी माझ्याही अंगावरून गेलं. ताईची चप्पल वाचली. कॅमेरा मात्र मेला, तो आजतागायत मेलेलाच आहे.

संध्याकाळी वेलचेरीतल्या फोटोच्या दुकानात कार्ड लावून पाहिलं. शंभरेक सपाट समुद्र आणि शेवटी ती एकच लाट, मध्ये ताई. दुकानातल्या बाई म्हणाल्या, काळजी नको, मी आँटींना पुसून टाकते. त्यांनी संगणकावर ताईला इतक्या सफाईने पुसलं की मागची लाट अखंड झाली. पण मूळ फोटोही त्यांना आवडला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही मोठे कागद माझ्या हातात ठेवले.

पहिला, नुसत्या लाटेचा कागद मी भिंतीला लावून धरला. दाजी खुर्ची ओढून अगदी जवळ बसले, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघू लागले. चांगली आहे, म्हणाले. पाहुण्यांकडचा चहा चांगला झाला असं म्हणतो ना आपण, त्या आवाजात. माझं मन खट्टू झालं. मग मी दुसरा धरला. दाजींनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मागे सरकले, पुन्हा पुढे आले.

"ही सुमन आहे," ते म्हणाले.

ताई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली आणि तो कागद पाहून तिचा पारा चढला. जिवंत बाईचा काळापांढरा फोटो, तोही एकटीचा, भिंतीवर लावतात का कुठे? आल्यागेल्याने चपला काढून हात जोडायचे का? हार तेवढा बाकी राहील, तोही घेऊन या म्हणावं. तिने मला बजावलं की लावायची तर नुसती लाट लावा, माझा कागद गुंडाळून कराडला घेऊन जा.

दाजींनी तिला बोलू दिलं. मग म्हणाले, "लाट मला पाठ आहे गं. तुझं तोंड दोन वर्षं दिसलेलं नाही. इथेही दिसत नाही, पण उभी तू कशी राहतेस ते दिसतंय."

ताईने पदराने उगीचच भिंत पुसली, जी स्वच्छच होती. मग मला म्हणाली, जरा डावीकडे घे, तिथे त्यांच्या खुर्चीला उजेड येतो.

दुपारच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याकडे मंडळात दाखवायला ताईला पुसलेल्या त्या कागदाखेरीज एकही फोटो नव्हता आणि कॅमेरा पिशवीत खारट पाण्याने गच्च झाला होता. तरी इतका खूश मी कुठल्याच सहलीहून परतलेलो नाही. ज्या बाईला मी चौकटीबाहेर हाकलत होतो तिच्यासाठीच ती चौकट होती, हे कळायला मला एवढा लांबचा प्रवास करावा लागला, एवढंच.

आठवड्याने ताईचा फोन आला. दाजी आता दिवसभर त्या फोटोपुढेच बसतात, म्हणाली. काल ताट वाढून ती त्यांच्या मागेच उभी होती, त्यांना पत्ता नाही. ते फोटोला सांगत होते, सुमन, आज आमटीत मीठ विसरलीस.

मी विचारलं, मग?

"मग काय," ताई म्हणाली, "ती हलेना. शेवटी मीच आणून दिलं."