पडदा फाटलाय गं

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो... आजही. तरी हे लिहितेय, कारण आत्याने गावभर भलतंच सांगून ठेवलंय.

मी अहमदपूरची, वय तेवीस, चष्म्याचा नंबर मायनस सोळा. एवढ्या नंबरात डोळा आतून लांबट होतो, मागचा पडदा ताणला जातो, त्याच्या मागचा रक्तवाहिन्यांचा थरही पातळ होतो. म्हणून वर्षातून दोनदा लातूरला तपासणी. आत्याच्या मते ही सगळी डॉक्टरांची नाटकं!

तिनेच निलंग्याचं स्थळ आणलं. पाहुणे दारात आले आणि ही म्हणते, "चष्मा काढ आधी. असली भिंगं बघून कोण पसंत करंल तुला?" – आणि ओढूनच घेतला. असा संताप आला! तरी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. चष्म्याशिवाय मला माणसं म्हणजे नुसते रंगांचे डाग.

पण दाराशी एक म्हातारी उभी होती... ती स्वच्छ दिसली. हनुवटीवरचं गोंदण, लुगड्याचा दोरा न दोरा. माझ्याकडे बघून म्हणाली, "पडदा फाटलाय गं. डावा."

दाराला आत्याने आणलेले नवे पडदे होते. मला वाटलं, पाहुण्यांतली कुणी खवचट बाई खोड काढतेय. मी फणकारले, "आत्या, ह्या आजी म्हणतेत, डावा पडदा फाटलाय!"

आत्याने पडदा उलटसुलट करून दाखवला. "कुठं फाटलाय? आन् कोण आजी?"

मुलाची आई म्हणाली, "आमच्यासंगं म्हातारं माणूस कुणीच न्हाई आलं."

पोहे तसेच टाकून उठले सगळे. पोरगी येडी हाय, असा निरोप आला. बरंच झालं.

पुढच्या आठवड्यात लातूरची तपासणी ठरलेलीच होती. त्रास काहीच नव्हता. डॉक्टरांनी थेंब टाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या डोळ्याचा पडदा फाटलाय. आजच लेसर करू. सुटून आला तर नजर जाईल."

मी लगेच संमतीच्या कागदावर सही केली.

डोळा वाचला. आता आत्या सांगत फिरते, कुळातलं कुणीतरी राखण करायला आलं होतं. डॉक्टर म्हणतात योगायोग. मला दोन्ही पटत नाही, आणि तिसरं काही सुचतही नाही. पण राखण? चष्म्याशिवाय लांबून नीट दिसलेला तो माझ्या आयुष्यातला एकच चेहरा... आणि तो हसत होता. बोलून झाल्यावर म्हातारीने माझ्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं होतं.